रांग एकच लावलीत, पण ती कशाची ते तरी सांगा: लंडनच्या लॉ फर्म्सच्या रिक्रूटमेंटवाल्यांना खुलं पत्र

लंडनमधल्या मोठ्या लॉ फर्म्सच्या ग्रॅज्युएट रिक्रूटमेंट टीम्सना,

नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहितीये. तरी मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण इंग्लिशमध्ये लिहायला बसले की त्याचं आपोआप कव्हर लेटरच होतं, तिसऱ्या ओळीत 'तुमच्या फर्मच्या कल्चरने मी भारावून गेले' येतंच येतं, बोटांना सवयच लागलीये आता. आणि दुसरं म्हणजे 'इंग्लंडला जाऊन सरळ लॉच करू की दुसरा विषय घेऊन मग कन्वर्जन, म्हणजे कायद्याचा एक वर्षाचा कोर्स, करू' असा प्रश्न पडलेली मराठी पोरं-पोरी हे वाचतील, त्यांना तुमच्या चकचकीत ब्रोशरमध्ये न सापडणाऱ्या चार गोष्टी कळल्या तर बरंच आहे.

तर. मी इथे तीन वर्षांची एलएलबी केली. माझी फ्लॅटमेट, ती पण मराठीच, त्याच युनिव्हर्सिटीत हिस्टरी करत होती. दोघींनी तुमच्याकडे, म्हणजे तुमच्यासारख्यांकडे, ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी, म्हणजे सॉलिसिटर (फर्ममधला वकील) व्हायच्या आधीच्या दोन वर्षांच्या ट्रेनिंगच्या नोकरीसाठी, अर्ज केले. तिला मिळालं, मला नाही मिळालं. हे पत्र त्या जळफळाटातून लिहिलंय असं तुम्हाला वाटेल, आणि थोडंफार आहेही, खोटं कशाला बोलू. पण तिच्याशी माझं भांडण नाहीये, होतं पण संपलं, आता जे काही आहे ते तुमच्याशी आहे.

दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमधला तो करिअर फेअर. हॉलभर तुमचे स्टॉल, स्टॉलवर फुकटची पेनं आणि कापडी पिशव्या, आणि जिथे जाल तिथे तेच वाक्य, की लॉ असो नाहीतर नॉन-लॉ, आम्हाला काही फरक पडत नाही, आमचे निम्मे ट्रेनी नॉन-लॉ आहेत. मी हसून मान डोलावली आणि मनात म्हटलं, फरक पडत नाही? मग मी गेलं वर्षभर लायब्ररीत काय माशा मारत होते? आणि शेजारी उभी असलेली फ्लॅटमेट बाहेर आल्यावर म्हणते कशी, "उगाच बरं वाटावं म्हणून बोलतात गं, शेवटी घेणार लॉवाल्यांनाच." एकच वाक्य, ते ऐकून मला वाटलं माझा हक्क गेला आणि तिला वाटलं तिला गंडवतायत. तुमची पिशवी मात्र दोघींच्या खांद्यावर.

त्यानंतरचं वर्ष आम्ही एकमेकींना पाण्यात बघण्यात घालवलं. उघड नाही, चहा एकत्रच व्हायचा, पण आत खदखद होती. आमच्या लॉवाल्यांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी टाकायचं की अमुक फर्मने अजून एक म्युझिकवाला घेतला, तमुकने क्लासिक्सवाली घेतली, मग आम्ही तीन वर्षं टॉर्ट आणि लँड लॉ कशाला घोकतोय. तिच्या ग्रुपवर म्हणे बरोब्बर उलटं चालायचं, की लॉवाल्यांना आधीच सगळं येतं, त्यांचे प्रोफेसर त्यांना ओळखी करून देतात, आपण बाहेरचे. म्हणजे दोन्ही ग्रुपना खात्री की समोरच्याला झुकतं माप मिळतंय. आणि तुम्ही ताकास तूर लागू देत नाही.

आता आमच्या लॉवाल्यांच्या तक्रारीबद्दल आधी बोलते, कारण त्यातला अर्धा भाग फोल आहे हे मला उशिरा कळलं. 'नॉन-लॉवाले आमच्या घरात घुसले' असं आम्ही म्हणायचो, पण मुळात घर कुणाचं? ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शेकडो वर्षं रोमन कायदा आणि चर्चचा कायदा शिकवायचे, इंग्लंडचा स्वतःचा कॉमन लॉ तिथे शिकवतच नव्हते, तो शिकायचा तर लंडनच्या इन्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांमध्ये, वकिलांच्या मागे फिरून. ब्लॅकस्टोनने १७५३ मध्ये ऑक्सफर्डला इंग्लिश कायद्यावर लेक्चर्स द्यायला सुरुवात केली आणि १७५८ मध्ये तो त्या विषयाचा पहिला व्हायनेरियन प्रोफेसर झाला तेव्हा कुठे युनिव्हर्सिटीत या विषयाला खुर्ची मिळाली. म्हणजे लॉ डिग्री हीच या धंद्यात मागून आलेली.

आणि लांब कशाला जा, आपले बाबासाहेब. कोलंबियात अर्थशास्त्र, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा अर्थशास्त्र, आणि त्याच्या जोडीने १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये नाव घातलं, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. तुमच्या आजच्या फॉर्मवर त्यांना 'नॉन-लॉ'च्या चौकोनात टिक करावी लागली असती. लॉर्ड न्यूबर्गर, २०१२ ते २०१७ इथल्या सुप्रीम कोर्टाचे प्रेसिडेंट, त्यांची डिग्री केमिस्ट्रीची. लॉर्ड सम्प्शन तर ऑक्सफर्डमध्ये इतिहास शिकवत होते, मग बॅरिस्टर झाले आणि २०१२ मध्ये वकिलीतून थेट सुप्रीम कोर्टावर गेले, मधल्या कुठल्याच कोर्टात पूर्णवेळ न्यायाधीश न होता. हे मला माझ्या फ्लॅटमेटनेच सांगितलं आणि सांगताना जरा जास्तच खूश होती.

पण मला खरं पटलं ते यादी ऐकून नाही. आमच्या डिपॉझिटवरून पटलं. पहिल्या घराचा करार संपला आणि एजन्सीने कार्पेटवरच्या डागासाठी डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापायची नोटीस पाठवली. आता घरात वकील कोण, तर मी. मी लगेच लायब्ररीत जाऊन बसले, हाउसिंग ॲक्ट २००४ काढला, डिपॉझिट घेतल्यापासून ३० दिवसांत ते प्रोटेक्शन स्कीममध्ये टाकावं लागतं वगैरे सगळं वाचलं, चार केसेस काढल्या, दोन पानी पत्र लिहिलं, त्यात 'विदाउट प्रेजुडिस' पण टाकलं, कशाला ते मलाही नीट माहीत नव्हतं. डिपॉझिट त्यांनी वेळेत टाकलेलंच होतं, सगळं कायदेशीर होतं, माझं पत्र म्हणजे हवेत गोळीबार. दरम्यान ही फ्लॅटमेट बाई स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून राहायला आलो त्या आठवड्यातले सगळे ईमेल, फोनमधले फोटो आणि एजन्सीचा चेक-इन रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होती. तासाभराने तिने दाखवलं की रिपोर्टवर जी तारीख आहे त्या दिवशी आमच्या हातात किल्ल्याच नव्हत्या, आणि आम्ही आलो त्याच संध्याकाळी तिने आईला घर दाखवायला काढलेल्या फोटोत तो डाग स्पष्ट दिसतोय. तीन ओळींचा ईमेल, दोन अटॅचमेंट. पूर्ण पैसे परत.

मी तिला विचारलं तुला हे सुचलं कसं, तर म्हणाली अगं आम्हाला तीन वर्षं हेच शिकवतात, कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला. तेव्हा मला कळलं की तुम्ही हिस्टरीवाल्यांना का घेता. आणि हेही कळलं की तुम्ही हे आम्हाला कधीच सांगत नाही. तुम्ही फक्त म्हणता फरक पडत नाही. अहो पडतो ना! चांगला पडतो, तिच्या बाजूने या ठिकाणी पडला, माझ्या बाजूने दुसऱ्या ठिकाणी पडतो.

दुसरं ठिकाण म्हणजे तिचं कन्वर्जनचं वर्ष. तीन वर्षांच्या डिग्रीतला जो मूळ गाभा, काँट्रॅक्ट, टॉर्ट, क्रिमिनल, पब्लिक लॉ, लँड, इक्विटी आणि ट्रस्ट्स, वर युरोपियन युनियनचा कायदा, ते सगळं पीजीडीएलमध्ये, म्हणजे या कन्वर्जन कोर्समध्ये, साधारण नऊ-दहा महिन्यांत कोंबतात. पहिल्या महिन्यात फोन, "कार्बॉलिक स्मोक बॉलची केस काय भारी आहे गं", म्हणजे ती १८९३ची, औषध वापरूनही फ्लू झाला तर १०० पाउंड देऊ अशी जाहिरात करणाऱ्या कंपनीची, जी प्रत्येक लॉवाल्याला पहिल्या महिन्यात आवडतेच. डिसेंबरात फोन, आवाज उतरलेला. जानेवारीत रात्री साडेअकराला फोन, "इक्विटी म्हणजे न्याय की शेअर्स, एकदाच काय ते सांग, नाहीतर मी सोडून देते सगळं." त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी तिला ट्रस्ट समजावत होते, एकाच्या नावावर मालमत्ता आणि फायदा दुसऱ्याचा असं कसं, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला हे सगळं येतं. नुसतं उत्तर नाही, ते उत्तर कसं आलं, त्याला कोणत्या न्यायाधीशाने विरोध केला, तो विरोध अजून कुठे जिवंत आहे, हे सगळं येतं. ऐंशी-ऐंशी पानांची जजमेंट्स पहिल्या वर्षी डोळ्यात पाणी येईपर्यंत वाचली त्याचं ते काहीतरी शिल्लक होतं. पीजीडीएल संपल्यावर ती स्वतःच म्हणाली की मी उत्तरं पाठ केली, वाद शिकायला वेळच नव्हता. हे तिचं वाक्य, माझं नाही. परीक्षेत डिस्टिंक्शन मिळवलेल्या मुलीचं.

म्हणून म्हणते, 'फरक पडत नाही' हे ऐकायला गोड आहे पण त्यात दोघींचाही अपमान आहे.

आता वेळापत्रक. नेमकं इथेच घोडं पेंड खातं आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तुमच्यातल्या बहुतेकांच्या नियमाप्रमाणे लॉवाल्याने अर्ज करायचा तो दुसऱ्या वर्षात आणि नॉन-लॉवाल्याने शेवटच्या वर्षात. ऐकायला बरोबर वाटतं, नॉन-लॉवाल्याला पुढे कन्वर्जनचं एक वर्ष जास्त लागणार म्हणून गाडी एक स्टेशन उशिरा पकडायची, शेवटी पोचणार साधारण बरोबर. पण दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे दाखवायला काय असतं? पहिल्या वर्षाचे मार्क. बस. माझ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाचे मार्क डिग्रीच्या क्लासमध्ये धरतच नाहीत, प्रोफेसर स्वतः सांगतात की हे वर्ष चुका करायचं आहे, विषय नवीन आहे, लिहायची पद्धत नवीन आहे, बिनधास्त चुका. आणि तुमचा फॉर्म उघडला की विषयवार मार्क भरा, प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा रकाना. माझे पब्लिक लॉमध्ये ५८ होते. ६० च्या खाली म्हणजे टू-वन, म्हणजे वरचा सेकंड क्लास, नाही. पुढे त्याच विषयाशी निगडित पेपरात मला तिसऱ्या वर्षी ७१ पडले पण तोपर्यंत तुमची गाडी गेलेली.

आणि तिचं बघा. ती अर्ज करते शेवटच्या वर्षात, तेव्हा तिच्याकडे दोन वर्षांचे मार्क, वर एका सुट्टीतलं नोकरीचं काम, वर एक वर्षाचं जास्तीचं शहाणपण. एकोणीस आणि वीस वर्षांत किती फरक असतो हे एकोणीस वर्षांच्या माणसाला कळत नाही, मला आता कळतंय, माझी ती पहिली ॲप्लिकेशन्स परवा काढून वाचली, लाज वाटली अक्षरशः. एका फॉर्मवर मी लिहिलं होतं की मला मर्जर्स ॲक्विझिशन्सची लहानपणापासून आवड आहे. लहानपणापासून! कुणी वाचलं असेल तर हसून गडाबडा लोळलं असेल.

हां, तुमच्यातले काही म्हणतील की आम्ही शेवटच्या वर्षातल्या लॉवाल्यांना पण घेतो, डिग्री झालेल्यांनाही घेतो. घेता, मान्य. पण किती जागा तेव्हापर्यंत भरलेल्या असतात? उन्हाळ्याच्या वेकेशन स्कीममधून, म्हणजे सुट्टीत फर्ममध्ये थोडे दिवस काम करायच्या संधीतून, तुम्ही बहुतेक ट्रेनी उचलता, त्या स्कीममध्ये दुसऱ्या वर्षाचे लॉवाले भरलेले, आणि हिवाळ्यातली स्कीम वर्षानुवर्षं मुख्यतः नॉन-लॉवाल्यांसाठी आणि शेवटच्या वर्षातल्यांसाठी म्हणून ओळखली जाते. मग शेवटच्या वर्षातल्या लॉवाल्याने अर्ज केला की इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न काय, "गेल्या वर्षी का नाही केलात?" केला होता हो! ५८ होते!

बरं, फॉर्मच्या पुढच्या पायऱ्या. वॉटसन-ग्लेसर टेस्ट. परिच्छेद देतात, खाली विधान, ते खरं की खोटं की माहिती अपुरी, आणि नियम असा की बाहेरचं ज्ञान वापरायचं नाही, फक्त समोरच्या मजकुरावरून बोला. मला ही टेस्ट वाईट वाटत नाही, उलट डोकं चालतं की नाही ते बघायचा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे. पण गंमत बघा, तीन वर्षं मला शिकवलं की कागदावरच्या प्रत्येक वाक्याच्या मागे कायदा काय म्हणतो ते आठव, आणि इथे आठवलं की उत्तर चुकतं. माझ्या बॅचमधल्या हुशार मुली इथेच आपटल्या. मग असेसमेंट सेंटर, म्हणजे फर्ममध्ये बोलावून घेतात ती मुलाखतींची फेरी. तिथे मला विचारलं की नुकत्याच आलेल्या एखाद्या निकालाचा तुमच्या क्लायंटवर काय परिणाम होईल, आणि तिला, त्याच महिन्यात, तशाच दुसऱ्या एका फर्ममध्ये विचारलं की तुमच्या डेझर्टेशनबद्दल सांगा. तिने पाऊण तास जुन्या मिठाच्या कराबद्दल सांगितलं, पार्टनर साहेब भारावून ऐकत होते. माझं म्हणणं असं नाही की तिला सोपं विचारलं. डेझर्टेशन तोंडपाठ सांगणं सोपं नसतं आणि लॉवाल्याला कायद्याचं विचारणं यात काही पाप नाही. पण मग ते वेगवेगळे पेपर आहेत, वेगवेगळ्या फूटपट्ट्या आहेत, तर तसं आधी सांगा. तुम्ही सांगता एकच पेपर आहे.

आणि ते 'कमर्शियल अवेअरनेस'. या दोन शब्दांचा अर्थ मला आजतागायत कुणी एका वाक्यात सांगितलेला नाही. दोन्ही ग्रुपवरची पोरं सकाळी उठून पेपरातल्या व्याजदराच्या बातम्या पाठ करतात, कारण कुणीतरी सांगितलंय की विचारतात. ज्यांच्या घरी कुणी सॉलिसिटर किंवा बँकेत आहे त्यांना पाठ करावं लागत नाही, त्यांना जेवताना आपोआप कळतं. माझ्या बॅचमध्ये अशी मुलं होती आणि फ्लॅटमेटच्या हिस्टरीतही होती. हे जे अंतर आहे ना, ते लॉ आणि नॉन-लॉ असं अजिबात नाहीये, पण आम्ही एकमेकांकडे बघत बसलो म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

तेवढ्यात सॉलिसिटरांच्या रेग्युलेटरनेही आपलं काम केलं. १ सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, आली, नव्याने सॉलिसिटर व्हायला निघालेल्या सगळ्यांना तीच परीक्षा. कुठल्याही विषयाची डिग्री किंवा त्या दर्जाचं काहीतरी, एसक्यूईचे दोन टप्पे, दोन वर्षांचा कामाचा अनुभव, तोही जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून चालतो, आणि चारित्र्याची तपासणी. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न, एकूण ३६०, पाच पर्यायांतून सर्वात योग्य तो निवडा. दुसऱ्यात १२ लेखी आणि ४ तोंडी कामं. लॉ डिग्रीवाल्याला यातल्या एकाही पेपरात सूट नाही. एकाही नाही! मी तीन वर्षं निबंध लिहिले, 'चर्चा करा' म्हटलं की दहा पानं, आणि शेवटी कॉम्प्युटरवर पर्याय निवडायला बसले तिच्याच शेजारी. कागदावर तर एसक्यूईसाठी कन्वर्जन कोर्सही लागत नाही, तो बॅरिस्टर व्हायला लागतो, पण तुमच्यातले बहुतेक नॉन-लॉवाल्यांना तो करायला लावतातच. म्हणजे तुम्हालाही आतून माहितीये की फरक पडतो. पकडले की नाही? २०१६ पासून तर डिग्रीच न करता शाळेतून थेट सहा वर्षांच्या अप्रेंटिसशिपने सॉलिसिटर होता येतं, त्यांना आम्ही दोघी मिळून शिव्या घालायच्या की काय आता.

पैशाचं बोलायलाच हवं, इथे माझा सगळ्यात मोठा गैरसमज फुटला. आम्ही म्हणायचो की फर्म्स नॉन-लॉवाल्यांची फी भरतात आणि आम्हाला वाऱ्यावर सोडतात. खरं असं आहे की तुम्ही ज्याला टीसी, म्हणजे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, देता त्याची फी भरता, लॉवाला असेल तर एसक्यूईची, नॉन-लॉवाला असेल तर कन्वर्जनची आणि एसक्यूईची, वर राहण्याखाण्याला ग्रँट. आणि ज्याला देत नाही त्याची काहीच नाही, मग तो लॉवाला असो की कुणी. एसक्यूईच्या दोन्ही टप्प्यांची नुसती परीक्षा फी सुरुवातीला ३,९८० पाउंड होती, आता ती ५,००० च्या आसपास गेलीये, तयारीचा कोर्स त्याच्या वेगळा. टीसी नसताना लंडनमध्ये पीजीडीएल करणाऱ्याची फी दहा हजार पाउंडांच्या वर सहज जाते, परीक्षेचे वेगळे. माझ्या ऑफिसात एक इंग्लिश साहित्यवाला आहे, त्याने हे सगळं स्वतःच्या कर्जावर केलंय, माझ्यासारखाच पॅरालीगल, म्हणजे सॉलिसिटर न होता वकिलांच्या हाताखाली काम करणारा, आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त. तो नॉन-लॉ, मी लॉ, आमचे बँक बॅलन्स अगदी जुळ्या भावंडांसारखे. माझी फ्लॅटमेट आणि माझ्याच बॅचची टीसी मिळालेली एक लॉवाली, त्या दोघी एकाच कोर्सला, एकाच ग्रँटवर. भिंत कुठे आहे ती बघा म्हणजे झालं.

आणि त्या भिंतीवर चढायला एकच चान्स. पहिल्या प्रयत्नात एसक्यूई नापास झालात तर ऑफर रद्द, अशी अट तुमच्यातल्या अनेकांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असते. नोव्हेंबर २०२१ च्या पहिल्याच एसक्यूईच्या पहिल्या टप्प्यात ५३ टक्के पास झाले होते, म्हणजे जवळजवळ निम्मे गारद. जानेवारी २०२४ च्या परीक्षेत तर १७५ जणांना नापास सांगितलं आणि एप्रिलमध्ये कळवलं की मार्क मोजण्यात चूक होती, तुम्ही पास आहात. दरम्यान कुणाची ऑफर गेली असेल तर ती त्याने कुणाकडे मागायची? त्या १७५ मध्ये लॉवाले किती आणि नॉन-लॉवाले किती हे कुणी विचारलं नाही, आमच्या ग्रुपवरसुद्धा नाही. तेव्हा पहिल्यांदा सगळे एका आवाजात ओरडत होते.

तर माझं मागणं. फार नाहीये. सगळ्यात आधी वेळापत्रकाचं बघा, लॉवाल्यांनाही शेवटच्या वर्षात अर्ज करायला खरीखुरी जागा ठेवा, उरलीसुरली नाही, आणि कोणत्या फेरीत किती जागा आहेत ते आकडा टाकून आधी जाहीर करा, लपवण्यासारखं त्यात काय आहे. पहिल्या वर्षाचे विषयवार मार्क चाळणीला लावत असाल तर सरळ लिहा की ६० च्या खाली असेल तर अर्ज करू नका, माझे सात रविवार वाचले असते. इंटरव्ह्यूत दोघांना वेगळं विचारणार असाल तर तेही लिहा. असेसमेंट सेंटरपर्यंत आलेल्या माणसाला दोन ओळींचा फीडबॅक द्या, माणसाने लिहिलेला, 'यंदा स्पर्धा फारच अटीतटीची होती' हे मशीनचं वाक्य नको, ते मला आता पाठ आहे. आणि पॅरालीगल म्हणून तुमच्याच इमारतीत दोन वर्षं काम केलेल्याला टीसीच्या रांगेत पुन्हा पहिल्या पायरीपासून, त्याच वॉटसन-ग्लेसरपासून सुरुवात करायला लावू नका. ज्याचं काम तुम्ही रोज बघताय त्याची टेस्ट कसली घेताय?

आणि ते फरक पडत नाही वालं वाक्य स्टॉलवरून काढून टाका. त्याऐवजी सांगा की हिस्टरीवाल्याकडून आम्हाला हे हवंय, लॉवाल्याकडून हे हवंय, दोघांची गरज आहे आणि दोघांना इतक्या-इतक्या जागा आहेत. आम्हाला समजतं. ऐकून राग येईल एखाद्याला, पण तो तुमच्यावर येईल, फ्लॅटमेटवर नाही.

ती सप्टेंबरमध्ये जॉइन होतेय, पहिली सीट, म्हणजे ट्रेनिंगमधला पहिला विभाग, रिअल इस्टेटमध्ये लागलीये. कालपासून लँड लॉच्या माझ्या जुन्या नोट्स मागतेय, पीजीडीएलच्या पुरत नाहीत म्हणे. मी म्हटलं देते, पण त्या बदल्यात माझा फॉर्म वाच. यंदाचे तुमचे फॉर्म उघडलेत, पहिला प्रश्न तोच आहे, 'आमचीच फर्म का, २५० शब्दांत लिहा.' तिने माझे १८० शब्द खोडलेत आणि समासात लिहिलंय, "पुरावा कुठे?"

आपली,
एक पॅरालीगल, एलएलबी, पब्लिक लॉ ५८